पत्र्याची जुनी आगगाडी घ्यायचीय? ओरिजिनल घ्यावी की रिप्रो, हे ठरवायचं कसं

ओरिजिनल घेऊ की रिप्रो, म्हणजे नंतर केलेली हुबेहूब नक्कल, हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघांनी विचारला. तिघंही इकडे न्यू जर्सीत राहणारे, तिघांनाही लायनेल ह्या अमेरिकन खेळणी-कंपनीची ब्लू कॉमेट ही गाडीच हवी होती, आणि प्रत्येकाशी फोनवर तासभर बोलून झाल्यावर वाटलं की आता एकदा हे सगळं लिहूनच काढावं. त्यामुळे खाली उदाहरणं बहुतेक लायनेलची आहेत, पण तुम्ही इंग्लंडची हॉर्नबी घेणार असाल किंवा जर्मनीची मार्कलिन, बिंग, तरी बघायची पद्धत तीच.

ह्या गाड्यांच्या पत्र्याला टिनप्लेट म्हणतात, म्हणजे पातळ पोलादी पत्रा आणि त्याच्यावर कथलाचा थर. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यांना कल्हई करायचे ना, तेच हे कथील, इथे त्याचं काम खालच्या धातूला हवापाण्यापासून सांभाळायचं. हा थर एकदा खरवडला गेला की गंज आत शिरतो, आणि पुढे जे तपासायचंय त्यातलं निम्मं ह्याच गोष्टीशी जोडलेलं आहे.

थोडा इतिहास माहीत असायलाच हवा, कारण वर्ष कळलं नाही तर खोटं पकडता येत नाही. जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली, १९०६ मध्ये त्यांनी स्वतःचं मोठं माप आणलं, रुळांमधलं अंतर सव्वादोन इंचाला थोडं कमी, म्हणजे साधारण ५४ मिलिमीटर, आणि त्याला नाव दिलं स्टँडर्ड गेज. छोटं ते ओ गेज, ३२ मिलिमीटरचं. कारखाना पुढे इथेच न्यू जर्सीत अर्विंग्टनला आला. ब्लू कॉमेट ही खरीखुरी गाडी होती, सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीची, १९२९ ते १९४१ जर्सी सिटीहून अटलांटिक सिटीला जायची. लायनेलने १९३० मध्ये तिचं खेळणं काढलं आणि १९३१ पासून त्याला ४००ई हे मोठं निळं इंजिन लावलं. डब्यांना धूमकेतूंची नावं दिली, फे, वेस्टफल आणि टेंपल. १९४० च्या आसपास स्टँडर्ड गेज बंदच पडलं. म्हणजे ओरिजिनल ४००ई फक्त १९३० च्या दशकातलंच असू शकतं, ह्याच्या पुढचं मागचं कोणी काही सांगत असेल तर तिथेच थांबा.

मग ती रिप्रो आली कुठून? १९७० च्या दशकात मेरिलँडमध्ये जेरी विल्यम्स यांनी जुन्या लायनेलच्या नकला विकायला सुरुवात केली, त्यांच्याकडे काम केलेल्या माईक वुल्फ यांनी पुढे एमटीएच ही कंपनी काढली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खुद्द लायनेलनेच क्लासिक्स नावाने जुनी मॉडेलं परत काढली, आणि २००९ पासून एमटीएचने लायनेलच्या परवानगीने त्यांच्याच नावाने टिनप्लेट गाड्या केल्या. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे पहिल्या नकलाच आता पन्नाशीला टेकल्यात. त्यांच्यावरही धूळ बसलीय, पितळ काळवंडलंय, घरातल्या पोरांनी त्या आपटल्यात. त्यामुळे नुसती जुनी दिसते म्हणून ओरिजिनल, हा हिशोब आता चालत नाही.

आधी हे ठरवा की गाडीचं करणार काय

हा प्रश्न सगळ्यात आधी, पैशाच्याही आधी. रोज चालवायचीय, दिवाळीला नाहीतर ख्रिसमसला मांडायचीय, का काचेच्या कपाटात ठेवायचीय?

घरात लहान मूल असेल आणि ते हात लावणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ओरिजिनल नको. जुन्या रंगांत शिसं असतं. अमेरिकेत खेळण्यांवरच्या शिशाच्या रंगाला १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या कुठल्याही रंगवलेल्या गाडीबद्दल शिसं आहे असंच धरून चाला. तोंडात घालणाऱ्या पोरासमोर ते ठेवायचं नाही, यात हौस वगैरे काही आणायचं नाही.

चालवायची असेल तर जागा मोजा. स्टँडर्ड गेजचा नेहमीचा गोल ४२ इंच व्यासाचा, म्हणजे एक मीटरच्या थोडा वर, आणि ४००ईसारखं मोठं इंजिनही त्यावर वळतं. अपार्टमेंटच्या हॉलमध्ये तो मांडला की सोफा बाहेर. ओ गेजचा गोल २७ नाहीतर ३१ इंचांतही बसतो. बरेच जण फोटो बघून मोठं इंजिन घेतात आणि ते कायमचं शोकेसमध्ये जातं, मग चालवणारच नव्हतात तर रिप्रोतल्या साउंड बोर्डाचे, म्हणजे इंजिनाचे आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे, पैसे कशाला दिले?

ओरिजिनल आणि रिप्रो, प्रकार दोनच नाहीत

खरी गोची इथे आहे. बाजारात जे मिळतं ते असं: एक, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी. दोन, ओरिजिनल पण चाकं, कपलर (डबे जोडणारे आकडे), पितळी पट्ट्या असले काही भाग नवे घातलेले. तीन, ओरिजिनल सांगाडा पण रंग नवा, म्हणजे रिपेंट. चार, कंपनीचं नाव खाली स्पष्ट छापलेली प्रामाणिक रिप्रो. पाच, जुन्या-नव्या भागांची जुळवाजुळव, इंजिन एका सेटचं, टेंडर (इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा) दुसरीकडचं, वर नवीन पाटी आणि सांगायला ओरिजिनल.

माझी सगळी धडपड ह्या पाचव्या प्रकाराबद्दल सावध करण्याची आहे. प्रामाणिक रिप्रो घेऊन कोणी फसत नाही, तुम्हाला माहीत असतं काय घेतलंय ते. दुसरा प्रकारही मला पूर्णपणे मान्य आहे, नव्वद वर्षांच्या गाडीला नवी चाकं लागणारच, फक्त विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे पाहिजे. रिपेंट किती का सुंदर केलेलं असेना, त्याला ओरिजिनल रंगाचा भाव द्यायचा नाही, कारण तो जुना रंग एकदा उतरवला की परत कोणालाच आणता येत नाही.

मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत एक टेंडर ओरिजिनल समजून घेतलं होतं. रंग जुना होता, पाट्याही जुन्या होत्या, पण घरी आणून उलटं केल्यावर खालची फ्रेम आणि चारही चाकं नवी निघाली. विकणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी "ओरिजिनल आहे का" असं विचारतच नाही, "कुठला भाग ओरिजिनल आहे" असं एकेका भागाचं नाव घेऊन विचारते.

हातात घेऊन शिका

फोटोवरून हे शिकता येत नाही. पेनसिल्व्हेनियात यॉर्कला दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचा मोठा मेळा भरतो, तिथे एका टेबलावर ओरिजिनल ४००ई आणि शेजारच्या टेबलावर रिप्रो असं बघायला मिळतं. त्याच संस्थेचं नॅशनल टॉय ट्रेन म्युझियम स्ट्रासबर्गला आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने अडीच तासांत पोचता, आणि शेजारीच वाफेच्या इंजिनाची खरी रेल्वे चालते, पोरं खूश होतात. पहिल्या वेळी काही विकत घेऊ नका, नुसतं बघा, परवानगी मागून उचला, उलटं करा. दहा ओरिजिनल हातात घेतल्यावर अकरावी खोटी लगेच खटकते. माझे बाबा परळ वर्कशॉपला फिटर होते, ते म्हणायचे की धातू आधी हाताला कळतो, मग डोळ्यांना. अगदी खरं आहे.

आणि एकच कंपनी, एकच काळ धरा. लायनेल, आयव्ह्ज, अमेरिकन फ्लायर, हॉर्नबी सगळं एकदम शिकायला गेलात तर कशातच नजर बसणार नाही.

आता तपासणी

सोबत घ्या: दहापट भिंग, छोटा लोहचुंबक, टॉर्च, यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च, मोजपट्टी.

गाडी आधी उलटी करा. वरून सगळ्याच छान दिसतात, खरं काय ते पोटाखाली. बहुतेक प्रामाणिक रिप्रोंवर खाली बनवणाऱ्याचं नाव असतं. ते असायला हवं त्या जागी खरवडल्यासारखं दिसलं, किंवा तेवढाच एक चौकोन जास्त चकचकीत असला, तर तिथेच सोडून द्या.

मग स्क्रू बघा. फुलीची खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात आला, त्यामुळे १९३१ च्या इंजिनात तो दिसला तर तो भाग नक्की नंतर उघडलाय. सरळ खाचेचा स्क्रू दिसला म्हणून गाडी ओरिजिनल ठरली असं मात्र नाही, रिप्रोवालेही तोच घालतात. त्या खाचांच्या कडा बघा, घासलेल्या असतील तर कोणीतरी आत हात घातलाय.

पत्र्याचे भाग जोडायला छोट्या जिभा असतात, खाचेतून काढून वाकवलेल्या. कारखान्यात त्या एकदाच वाकवलेल्या असतात. परत सरळ करून परत वाकवल्या की तिथे रंग उडतो, बारीक तडा दिसतो, एखादी तुटलेलीच असते. भिंग लावून सगळ्या जिभा बघा, ह्याला पाच मिनिटं लागतात आणि रिपेंट पकडायला यासारखं दुसरं काही नाही. त्याच वेळी पितळी पाटीच्या कडेला, खिडकीच्या चौकटीच्या आत, डब्याच्या छपराच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा, तिथे दुसऱ्या रंगाची रेघ दिसली तर वरचा रंग नंतरचा.

रंगाचा पोत शब्दांत सांगणं कठीण आहे. जुना भट्टीत भाजलेला एनॅमल खोल दिसतो पण आरशासारखा चमकत नाही, नव्या रिप्रोचा रंग जास्त जाड आणि एकसारखा गुळगुळीत. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून तर म्हटलं मेळ्याला जा.

छापील पत्र्याच्या गाड्या, म्हणजे बिंगच्या किंवा स्वस्तातल्या हॉर्नबीच्या, त्यांना वेगळी परीक्षा. जुन्या लिथोत, म्हणजे पत्र्यावरच्या छपाईत, प्रत्येक रंग वेगळा छापलेला, भिंगातून सलग रंग नाहीतर हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे ठिपके दिसतात. आजकालच्या मासिकाच्या फोटोत असतात तशी चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसली तर ते जुन्या डब्याचा फोटो काढून छापलेलं आहे. बिंगवर खाली जीबीएन किंवा नंतरच्या काळात बीडब्ल्यू अशी अक्षरं असतात. जर्मन खेळण्यावर यूएस झोन असं लिहिलं असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन ताब्याच्या काळातलं, मग विकणारा १९२५ चं म्हणत असला तर त्याला हे शांतपणे दाखवा.

झीज कुठे आहे ते बघा. खरी झीज जिथे हात लागतो आणि धातू धातूला घासतो तिथे होते: चाकांच्या कडा, वीज घ्यायला मधल्या, तिसऱ्या रुळावर फिरणारे रोलर, कपलर, छपराचे कोपरे. खोटी जुनी केलेली गाडी सगळीकडे सारखीच काळपट असते, आणि रोलर मात्र नवेकोरे. गंजही तसाच, खरा गंज खरवडलेल्या जागेतून रंगाखाली पसरत जातो आणि कडेचा रंग उचलतो.

अंधारात यूव्ही टॉर्च मारली की नंतर लावलेले रंगाचे ठिगळ बऱ्याचदा वेगळेच दिसतात. खोकं ओरिजिनल म्हणून जास्त पैसे मागत असतील तर खोक्यावर आणि लेबलवरही मारा, कागद निळसर पांढरा झळकला तर तो १९५० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा, कारण कागद पांढरा दाखवणारी ती रसायनं आधी वापरातच नव्हती. चुंबक साध्या कामासाठी, पत्र्याला चिकटतो, पितळेला नाही, जस्ताच्या ओतीव भागाला नाही, आणि रंगाखाली कुठे पुट्टी भरली असेल तर तिथली पकड ढिली पडते.

चाकं: इथे घाई नको

ओतीव जस्ताचा रोग, ज्याला इकडे झिंक पेस्ट (pest, म्हणजे कीड) म्हणतात, तो समजून घ्या, कारण ओरिजिनल घेणाऱ्याचे सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडतात. जस्ताच्या मिश्रणात शिशासारखी अशुद्धी थोडी जरी राहिली तरी धातूच्या कणांमधल्या सांध्यांतून गंज आतल्या आत सरकत जातो. चाक फुगतं, वाकडं होतं, अंगावर जाळीसारख्या भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखं हातात तुटतं. हे थांबवायला काही औषध नाही, गोंद नाही, तेल नाही. ओलावा आणि उष्णता मिळाली की अजून लवकर होतं.

शुद्ध जस्ताचं झॅमॅक हे मिश्रण न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये आणलं, पण सगळे कारखाने लगेच सुधारले असं झालं नाही, आणि ओतताना भंगार मिसळलं की परत तेच. डोर्फन ह्या नेवार्कच्या कंपनीची इंजिनं तर बॉडीसकट ओतीव, त्यामुळे आज धड अवस्थेत फार थोडी दिसतात. लायनेलच्या मोठ्या इंजिनांची चाकं बदललेली असतात ती ह्याच कारणाने, आणि १९३० च्या दशकाच्या शेवटच्या हॉर्नबीतही हे सापडतं.

बघायचं असं: चाकाचे आरे जिथे कडेला मिळतात तिथे भिंग लावा, केसाएवढी भेग असली तरी नको. मग इंजिन सपाट काचेवर ठेवून हळू ढकला, डुलत चाललं तर एखादं चाक फुगलंय. चाक आणि फ्रेम यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे का बघा. चाकं बदललेली असतील तर कधी आणि कोणी केली हे विचारा, मला तर उलट नीट बदललेल्या चाकांचं इंजिन चालवायला जास्त आवडतं.

मागच्या खेपेला माटुंग्याला एका नातेवाइकांच्या माळ्यावर हॉर्नबीची चावीची गाडी मिळाली. अशी मिळाली तर चावी एकदम पूर्ण फिरवू नका, स्प्रिंग कितीतरी वर्षं झोपलेली असते. दोन-तीन वळसे द्या, चाकं हाताने धरून हळूहळू सोडा, आवाज ऐका.

वीज

ओरिजिनलच्या आत कापडी वेष्टणाची वायर असते, ती वाळून चुरा होते. विकणारा म्हणाला कालच चालवली, तर आत्ता चालवून दाखवायला सांगा, पुढे, थांब, मागे असं तिन्ही. ४००ईमधला ई म्हणजे विजेवर दिशा बदलणारं यंत्र, आणि तेच बऱ्याचदा अडकलेलं असतं, पण ते साफ होतं, त्याला घाबरू नका.

जुना ट्रान्सफॉर्मर मात्र वायरसकट तपासल्याशिवाय भिंतीला लावायचा नाही. १९२० च्या दशकातल्या काही युरोपियन गाड्या, त्यांत हॉर्नबीची १९२५ ची मेट्रोपॉलिटनसुद्धा आली, थेट घरच्या मेन्सवर मध्ये दिवा लावून चालायच्या. त्या फक्त कपाटात. उलट बाजूने, साउंड बोर्डवाली रिप्रो जुन्या ट्रान्सफॉर्मरवर लावणार असाल तर मध्ये चपळ सर्किट ब्रेकर घाला, एक डबा घसरून शॉर्ट झाला तर बोर्ड जळतो.

भाव आणि बोलणी

मागितलेली किंमत बघू नका, लिलावांत खरोखर विकल्या गेलेल्या किमती बघा, तोच सेट, तोच रंग, तीच अवस्था. अवस्थेला इकडे सी आणि पुढे आकडा लावतात, सी-६ व्हेरी गुड, सी-७ एक्सलंट, सी-८ लाइक न्यू. सी-८ सांगणाऱ्याकडून पोटाखालचे, चाकांचे आणि जिभांचे फोटो मागवा, न पाठवणाऱ्याचा सी-८ मी धरत नाही. आणि एकेका भागाचं उत्तर लेखी घ्या: बॉडी, रंग, चाकं, कपलर, पाट्या, मोटर, खोकं. वर "रिपेंट निघाल्यास परत घेणार" हे एक वाक्य. प्रामाणिक माणूस लगेच लिहून देतो.

माझा सल्ला विचाराल तर पहिली गाडी रिप्रो घ्या, वर्षभर चालवा, तेल देणं, रोलर साफ करणं हात बसेपर्यंत शिका. दुसरी घ्याल ती ओरिजिनल, पण सी-६ची, ओरखडे असलेली, मूळ रंगाची. तिला हात लावायची भीती वाटत नाही आणि एखाद्या पोराने १९३२ च्या ख्रिसमसला ती फरशीवर घासलेली असते ते ओरखडे तसेच दिसतात, मला तर ते फार आवडतात. कपाटातली सी-८ त्यानंतर, नजर तयार झाल्यावर.

पुण्या-मुंबईला न्यायची असेल तर

अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. स्टेपडाउन लागेलच, आणि जुने ट्रान्सफॉर्मर ६० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेसाठी बनवलेले असल्याने ५० वर जास्त तापतात, मोठ्या क्षमतेचा घ्या आणि अर्ध्यावरच चालवा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सक्तीचं झालंय आणि ड्युटीही भरपूर असते, तुमची गाडी त्यात कशी मोजली जाईल हे पाठवायच्या आधी कस्टम्स एजंटला विचारा. उलटं, घरच्या माळ्यावरची शंभर वर्षांपुढची वस्तू बाहेर न्यायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत ओरिजिनल पत्रा चार महिने उघडा ठेवायचा नाही. बंद काचेचं कपाट, आत सिलिका जेल, दर महिन्याला तव्यावर सुकवून परत आत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल आतच राहते. फोममध्येही नको, काही वर्षांनी फोम विरघळून रंगाला चिकटतो. आम्लविरहित पातळ कागदात सैल गुंडाळा, आणि स्वच्छ करताना मऊ सुती कापडाशिवाय काही वापरू नका, स्पिरिट आणि काच पुसायचा स्प्रे तर अजिबातच नाही, त्याने लिथोची अक्षरं निघून येतात. सप्टेंबर संपला की एकेक डबा बाहेर काढून कोरडा पुसा आणि चाकांना भिंग लावून भेग आलीय का ते परत बघा.